सदोष माल

निवृत्त तपासनीस संडासाच्या भांड्यावरचा पिवळा थर घासत होते. त्यांनी तोंडावरचा रुमाल घट्ट केला आणि मनातल्या मनात मुलाला एक शिवी हासडली.

व्यसनमुक्ती केंद्राचा नियमच तसा होता. उपचार फुकट, पण प्रत्येक रुग्णाच्या घरच्या माणसाने आठवड्यातून एक सकाळ इथे राबायचं. संडास धुवायचे आणि लघवीच्या नमुन्यांचा ट्रे तपासणीच्या खिडकीपर्यंत पोचवायचा. बत्तीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासलेल्या माणसाच्या नशिबी शेवटी याही बाटल्या आल्या.

"बाबा, गुडघा दुखत असेल तुमचा. द्या इकडे, मी घासतो," मुलगा दारातून म्हणाला.

"तू लांब हो. तोंडाला वास मारतोय तुझ्या."

रोज सकाळी सिस्टर त्याच्या जिभेखाली नशेची तलफ शमवणारी औषधाची गोळी ठेवायची. ती विरघळेपर्यंत तो तोंड मिटून बसायचा, हनुवटीवरून लाळ गळायची, आणि मग 'आ' करून दाखवायचा. सत्तावीस वर्षांचा बाप्या! ती लाळ पाहिली की तपासनिसांना घास जात नसे. पोटचा गोळा असला तरी किळस यायची ती यायचीच. कारखान्यात असला माल त्यांनी स्वतःच्या हाताने फोडला असता.

आणि म्हणे हा सुधारला! मग त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट, जे महिनाभर पुरायचं, ते आता आठवड्यात कसं संपत होतं? आधी ते फळीवर असायचं. मग कपाटात, कुलपात गेलं. आता ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचं आणि झोपतानाही ते सदरा काढत नसत. तरी गोळ्या संपायच्याच.

"चोर घरचाच, त्याला कुलूप काय करणार?" ते बायकोला म्हणायचे. ती नुसती त्यांच्याकडे बघत राहायची.

आज मुलाची तपासणी होती. सुरुवातीला दोनदा तो नशा केलेला सापडला होता. तिसऱ्यांदा सापडला की नाव कमी, औषध बंद. मागे त्याने उपचार अर्धवट सोडले होते, तेव्हा तो न्हाणीघरात स्वतःच्याच ओकारीत निळा पडलेला मिळाला होता. तोंडात बोटं घालून ती घाण तपासनिसांनीच काढली होती. अजूनही जेवताना बोटांना तो वास येतो असं त्यांना वाटायचं.

तसं पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं.

खिडकीकडे जाता जाता ते ट्रेसकट नुकत्याच धुतलेल्या संडासात शिरले. कडी लावली. मुलाची चिठ्ठी डकवलेली बाटली उचलली. ती अजून कोमट होती. त्यांना शिसारी आली. बत्तीस वर्षांत त्यांनी एकही सदोष बाटली पुढे जाऊ दिली नव्हती. आज मात्र ती त्यांनी भांड्यात रिकामी केली, नळाखाली विसळली आणि स्वतः भरली.

"साधी सुपारीसुद्धा खात नाही मी," ते पुटपुटले. "घे लेका, बापाचं पुण्य."

बाहेर आल्यावर गुडघा ठणकला. त्यांनी एक गोळी कोरडीच गिळली.

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मुलाकडे पाहिलं.

"आमच्या औषधाचा लघवीत मागमूस नाही. म्हणजे जिभेखालची गोळी तू सिस्टरची नजर चुकवून थुंकतोस. शिवाय दुसरी एक गोळी सापडली आहे. वेदनेवरची, पण तुझ्या नशेसारखीच अफूच्या कुळातली. रोज दहा-बारा तरी पोटात जात असणार. माणूस मुरलेला असल्याशिवाय इतकी सोसतच नाही."

मुलगा पांढराफटक पडला. "बाई, आईशप्पथ! चार महिने झाले, मी कशालाही शिवलेलो नाही. पुन्हा तपासा ना!"

"हे तिसऱ्यांदा झालं. आजपासून तुझं औषध बंद."

"बाबा!" मुलाने त्यांचा दंड धरला. "तुम्ही तरी सांगा ना यांना!"

तपासनिसांची बोटं सदऱ्याच्या खिशात सवयीने एक गोळी पाकिटातून सोडवत होती, आणि सकाळपासूनची ही कितवी, ते त्यांना आठवत नव्हतं.