तीन पट्ट्या

लाकूड जाळून त्याचा कोळसा करायचा, त्यात वितळलेलं सिलिकॉन मुरवायचं आणि लाकडाची छिद्रं जशीच्या तशी राखणारी, दगडासारखी टणक पट्टी मिळवायची, हे तिचं संशोधन. पण दाबयंत्राखाली प्रत्येक पट्टी ठरलेल्या आकड्याच्या अर्ध्यावरच तुटायची.

"आता शेवटची खेप. नाही जमलं तर काम बंद," प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले सर म्हणाले.

त्या संध्याकाळी ती लाकडाच्या वीस पट्ट्या घेऊन माहेरी गेली. वडील हाडाचे सुतार, पण नजर गेल्यापासून सहा वर्षं घरात बसून होते.

"बाबा, यातल्या चांगल्या कुठल्या?"

त्यांनी एकेक पट्टी चाचपली. "हिला पीळ आहे. हिच्या पोटात गाठ आहे." सतरा बाजूला गेल्या, तीन उरल्या. त्या जाळायच्या आहेत, हे सांगायचा तिला धीर झाला नाही.

पंधरा दिवसांनी त्या तिन्ही यंत्राखाली गेल्या. पहिल्या दोन पट्ट्यांनी ठरलेला आकडा ओलांडला, मगच त्या तुटल्या. तिसरी तुटलीच नाही. सर खुर्चीतून उठले.

"लाकूड कुठल्या यंत्रावर तपासलंस?"

"वडिलांनी हाताने निवडलं."

"मग त्यांना इथेच कामाला घेऊ. येतील?"

माहेरी जाऊन तिने न तुटलेली पट्टी वडिलांच्या हातात ठेवली आणि भट्टीसकट सगळं सांगून टाकलं. ते पट्टीवरून बोटं फिरवत राहिले.

"जळली, पण आपली रेषा सोडली नाही हिने," ते म्हणाले. "सरांना सांग, उद्यापासून येतो."