लांब बाह्या

निधीच्या रक्ताच्या कर्करोगाचं एकही लक्षण घरात कोणाला दिसलं नव्हतं, असं तिच्या सासऱ्यांनी रायपूरच्या डॉक्टरांना भारदस्त स्वरात सांगितलं. ज्या घरात काहीच दिसलं नव्हतं, त्याच घरात निधीच्या ब्लाउजांच्या बाह्या मनगटापर्यंत वाढवून घेतल्या होत्या. नर्सने त्या वर सारल्या तेव्हा दंडांवरचे काळेनिळे डाग तिच्या आईने, विनोदिनीने, पहिल्यांदा पाहिले. या रोगात असे डाग आपोआप उमटतात, डाग दिसले तेव्हाच आणलं असतं तर ती वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

विनोदिनी जावयाकडे वळली. "निरंजनराव, डाग तर तुमाले दिसत होते. मंग दवाखान्यात काहून नाई आणलं तिले?"

निरंजनने मान खाली घातली.


"मले वाटलं, माह्याच हातचे आहेत."