लिंबाचं एक पान

दुष्काळामुळं अडलेलं थोरल्या लेकीचं लग्न ज्या साली लागलं, त्याच साली रावजीनं मळ्यात कागदी लिंबाची बारा रोपं लावली. गावातली जुनी झाडं दुष्काळात गेली होती. मावा बसला की रोग शिरतो आणि झाड उभ्या उभ्या वाळतं, असं शेतकीच्या साहेबांनी बजावलं होतं. म्हणून बायकोनं, बजाबाईनं, मच्छरदाणीच्या कापडाच्या बारा खोळी शिवून दिल्या. त्या जाळीला रावजीनं कुणाला बोट लावू दिलं नाही.

दुसऱ्या वर्षी माघात बजाबाईनं अंथरूण धरलं. अन्नाची शिसारी बसली.

"अवं, लिंबाचं एक पान आणा की वास घ्यायला."

"पाडव्याला जाळ्या काढायच्यात. तवा फांदीच आणतो."

"मला न्हाय कधी येवडं जपलं तुमी!" ती हसली. रावजीही हसला.

पाडव्याला जाळ्या निघाल्या. बाराही झाडं हिरवीगार, एका पानावर डाग नव्हता. रावजीनं एक फांदी तोडली, फडक्यात गुंडाळली आणि लगबगीनं घराकडं निघाला. बांधावर येऊन तो थांबला.

बजाबाई होळीच्या दिवशी वारली होती.