सोमवारचा मेसेज

“आईचा आवाज अजून परत आलेला नाही,” सलिल म्हणाला आणि त्याने मोबाइल मुरलीधररावांपुढे धरला. “कालही मेसेजच आला.”

मुरलीधररावांनी चष्मा शोधला. दर मंगळवारी अकराला हे दोन मिशनरी ऑस्ट्रेलियातल्या गिरावीनच्या त्यांच्या घरी येत. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. सलिलच्या पट्टीवर ‘एल्डर घोरपडे’ असं होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा. एकवीस वर्षांच्या पोराला असं म्हणताना पंच्याहत्तरीच्या मुरलीधररावांना पहिल्या दिवशी हसू आलं होतं. दुसरा, अमेरिकेतल्या युटाहून आलेला हॅन्सन, तर त्याच्याहूनही लहान. दोघांनी कधी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे सलिल आईचे मेसेज वाचून दाखवी तेव्हा हॅन्सन मान खाली घालून बसून राही. भाषा कळत नाही, करणार काय बिचारा, असं मुरलीधररावांना वाटे.

धर्माचं बोलणं पहिल्याच महिन्यात संपलं होतं. “मी देवळात गेलो तरी बाहेर चपला राखत बसणारा माणूस,” असं त्यांनी सांगून टाकलं. तरी दोघे येत राहिले. मागच्या अंगणातलं गवत कापून देत. चहा त्यांना चालत नसे, म्हणून मुरलीधरराव लिंबाचं सरबत करत.

“बाबा, मी ऑफिसमधून येईपर्यंत बाप्तिस्मा घेऊन बसू नका हं,” सून मयूरा जाता जाता चिडवी.

“गवत फार वाढतं गं इथे,” ते म्हणत.

सलिल मूळचा सांगलीचा. बंगळूरला शिकायला गेला आणि तिथे मॉर्मन या ख्रिस्ती पंथात गेला. त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्या वडिलांनी, चित्रकलेचे मास्तर श्रीनाथ घोरपडे यांनी, त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. आई मात्र दर सोमवारी, मिशनऱ्यांच्या सुटीच्या दिवशी, फोन करी. फेब्रुवारीत तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आणि फोनऐवजी मेसेज येऊ लागले.

कालचा मेसेज साबुदाण्याच्या खिचडीबद्दल होता. सलिलने गेल्या आठवड्यात कृती विचारली होती. ती आईने सविस्तर कळवली होती: साबुदाणा रात्रभर भरपूर पाण्यात बुडवून ठेव, सकाळी तसाच कढईत टाक. शेवटी होतं, थंडी सुरू झाली असेल, स्वेटर घालत जा.

“केलीस का?”

“सकाळी केली. खळ झाली नुसती. हॅन्सन म्हणाला, ठेवून दे, पोस्टरं चिकटवायला होईल.”

“मग आईला काय कळवलंस?”

“मस्त झाली म्हणून. कशाला उगाच वाईट वाटायला लावायचं?”

मुरलीधरराव हसले, आणि हसता हसता थांबले. बायको, चित्रलेखा, गेल्यानंतरच्या पहिल्या एकादशीला त्यांनी स्वतः अगदी अशीच खिचडी केली होती. भरपूर पाणी, रात्रभर. आयुष्यभर उपास केलेली बाई असं कधी सांगणार नाही. हे लिहिणाऱ्याने साबुदाणा फक्त ताटात पाहिलेला होता.

पोरं गेल्यावर त्यांनी सांगलीला अजितला, जुन्या मित्राला, फोन लावला आणि घोरपडे मास्तरांच्या घरची चौकशी करायला सांगितलं. दोन दिवसांनी अजितने उलटा फोन केला.

“बाई सात फेब्रुवारीलाच गेल्या रे. ऑपरेशनच्या टेबलावर. अग्नी पुतण्याने दिला.”

“आणि मास्तर?”

“एकटेच असतात. बायकोचा मोबाइल हातात घेऊन पायरीवर बसलेले दिसतात. मुलाला कळवलं नाही अजून. म्हणतात, मला पटलं नसलं तरी त्याने धरलेलं पुरं होऊ दे. आला की सांगेन.”

सलिलची मिशनरी म्हणून दोन वर्षं ऑगस्टमध्ये संपणार होती. आता मे चालू होता. मुरलीधररावांनी उभा जन्म एका ग्रंथालयात काढला होता. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची त्यांना सवय नव्हती. सांगावं, तर बापाने इतक्या कष्टाने धरलेलं मोडायचं. न सांगावं, तर हा पोरगा आईसाठी काहीतरी बॅगेत घालून सांगलीला उतरणार. चार दिवस त्यांनी पुस्तक उघडलं, पण पान उलटलं नाही. हा अधिकार आपल्याला कुणी दिला, असंही वाटून गेलं. पण ती बॅग काही डोळ्यांपुढून हलेना.

मंगळवारी त्यांनी सरबत केलं आणि साखर घालायला विसरले. दोघांनी ते तोंड वाकडं न करता संपवलं.

“गवत राहू दे आज,” मुरलीधरराव म्हणाले. “सलिल, इथे बस जरा.”

तो बसला. शेजारी हॅन्सन बसला.

“हे मेसेज तुझी आई लिहीत नाहीये, बाळा.”

सलिलने ग्लास खाली ठेवला. हॅन्सनला मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी त्याने सलिलच्या पाठीवर हात ठेवला. पुढची वाक्यं मुरलीधररावांनी घोकून ठेवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

“आजोबा,” सलिल हळूच म्हणाला, “आई गेली त्याच दिवशी मामाने मला कळवलं होतं. चर्चवाले परतीचं तिकीट काढून देत होते.”

“मग गेला का नाहीस?”

“निघालोच होतो. बॅगसुद्धा भरली होती. तेवढ्यात आईच्या फोनवरून मेसेज आला, ‘जेवलास का?’ तीन वर्षांत बाबांनी मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं.”