जयसिंगचं हसू

विल्सन साळवीचा निखळलेला कोपर बसवायचा होता, पण त्याच्या हृदयाला भूल झेपणार नव्हती. म्हणून नर्सने एक पट्टा त्याच्या मनगटाला बांधला आणि जोडीचा दुसरा पट्टा शेजारी बसलेल्या जयसिंग बागलच्या मनगटाला. आता कोपर विल्सनचा असला, तरी दुखणार होतं जयसिंगला. दवाखान्यात त्याची तीच नोकरी होती.

दोघेही एकेकाळचे बॉक्सर, आता साठी ओलांडलेले. कितीही ठोसे खाल्ले तरी न पडणारा म्हणून जयसिंगचं नाव होतं. विल्सन त्याच्याशी पाच वेळा लढला आणि पाचही वेळा हरला.

"खरं सांग, माझा एक तरी ठोसा तुला लागला होता का रे?" त्याने विचारलं.

"ठोसे होते होय ते? मला वाटलं, कोणी पंखा लावलाय."

डॉक्टर म्हणाले, "बागल, सहन होईना की हात वर करा. मी लगेच थांबेन."

त्यांनी कोपर ओढायला सुरुवात केली. विल्सनला काहीच दुखत नव्हतं. त्याने मान वळवून पाहिलं. जयसिंगचा हात मांडीवरच होता आणि तो ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून किंचित हसत होता. रिंगमध्ये प्रत्येक ठोशानंतर तो असाच हसायचा आणि ते हसू पाहून विल्सनचं अवसान गळायचं.

"डॉक्टर, थांबा," विल्सन म्हणाला. "त्याला फार दुखतंय."

"अहो, ते तर हसताहेत," नर्स म्हणाली.

"हो. मलाही पाचही वेळा तसंच वाटलं होतं."