एकतीस टक्के

एकतीस टक्क्यांवर लिनक्स अडकलं. वाचनालयाच्या पंधरा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर मी ही नवी सिस्टीम थेट इंटरनेटवरून बसवत होतो आणि मध्येच नेट गेलं. जुनी सिस्टीम मी आधीच पुसून टाकली होती, त्यामुळे मागे फिरायलाही वाट नव्हती.

"चालू होईल ना? दुसरा नाही हो मिळणार आपल्याला," ग्रंथपाल सुलोचनाबाई म्हणाल्या. काल संध्याकाळपर्यंत त्या यावरच पुस्तकांच्या नोंदी करत होत्या.

मी चिडून नेटची वायर काढली आणि पुन्हा जोरात खुपसली. आत काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

टॉर्च मारून पाहिलं. वायर बसते त्या पोर्टमधल्या पिना तुटल्या होत्या. याला चालणारं नेटचं कार्ड आता बाजारात मिळत नाही. मोडक्या पिनांमागे तांदळाचे चार दाणे रुतले होते, कुंकवाने लाल झालेले. चिमट्याने काढून मी ते टेबलावर ठेवले.

बाई त्या दाण्यांकडे बघत राहिल्या.

"दर दसऱ्याला मी सगळ्या वायरी काढून याला स्वच्छ पुसते," त्या म्हणाल्या. "मग हळदकुंकू लावून अक्षता वाहते. याला काही होऊ नये म्हणून."