परीक्षकाची शंका

"बाबा, तीन पानांचा बायोडेटा? एका पानाच्या पुढे कोणी वाचत नाही हो," मुलगी म्हणाली.

"नको वाचू म्हणावं. पेटंटं पहिल्याच पानावर आहेत ना?"

होती. एकच शोध, पण सात देशांत केलेले सात अर्ज, नंबरासकट आणि तारखांसकट. त्यातला एखादा देश बाबांना नकाशात पटकन सापडला नसता, पण नंबर मात्र तोंडपाठ. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत सॉफ्टवेअर लिहिलं आणि आठ महिन्यांपूर्वी कंपनीने चार ओळींच्या ईमेलवर घरी बसवलं. तेव्हापासून एक्केचाळीस ठिकाणी बायोडेटा पाठवून झाला होता. कोणी साधं 'नको' सुद्धा कळवलं नव्हतं. आजचा नोकरीचा फॉर्म पाच वाजता बंद होणार होता. बावन्नाव्या वर्षी असा दुसरा फॉर्म निघायचा नाही, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

"फॉर्ममध्ये प्रत्येक पेटंट-अर्जाची सध्याची स्थिती विचारलीय," मुलगी म्हणाली.

"प्रलंबित लिही. वर्षानुवर्षं चालतं ते."

"लिहिते. पण एकदा बघून घेते हं."

तिने पहिला नंबर टाकला. मग दुसरा. तिसऱ्यानंतर उरलेले चारही तिने भराभर टाकले. अशा वेळी घाई करू नये माणसाने, नाहीतर समोरचा लगेच ओळखतो.

"काय गं, काय झालं?"

"बंद आहेत, बाबा. सगळे. चार वर्षांपूर्वीच."

चार वर्षांपूर्वी! म्हणजे ज्या वर्षी कंपनीने हॉलभर टाळ्या वाजवून यांना काचेचं सन्मानचिन्ह दिलं, 'आमचे संशोधक' म्हणून फोटो काढला, त्याच वर्षी. काय म्हणावं या लोकांना! ते सन्मानचिन्ह अजून टीव्हीशेजारी होतं. आई रोज पुसायची.

"कोणी बंद केले?"

"पहिल्या देशातल्या पेटंट ऑफिसच्या परीक्षकाने एक शंका विचारली होती. सहा महिन्यांत उत्तर द्यायचं होतं. कंपनीने दिलं नाही. मग बाकीचे सहाही सोडून दिले."

"शंका? मला कोणी विचारलीच नाही." बाबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि चष्मा लावला.

बाबांचा शोध तसा साधा होता. दोन मशीन्समध्ये काम चालू असताना मध्येच संपर्क तुटला, तर पुन्हा पहिल्यापासून न करता थांबलं तिथूनच ते पुढे सुरू व्हावं. परीक्षकाने विचारलं होतं, दोन्ही मशीन्स एकाच क्षणी बंद पडली तर कुठे थांबलो होतो हे कोण सांगणार?

वाचता वाचता बाबा चक्क हसले.

"अगं, याने सगळं वाचलंय. अर्जाचं अठ्ठाविसावं पानसुद्धा. आमच्या मॅनेजरने कधी उघडलं नव्हतं ते." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "आणि नेमकं इथेच अडला बघ. दहा मिनिटांचं उत्तर आहे. लिही."

"बाबा, चार वर्षं झाली त्याला."

"लिही म्हणतो ना! दोन्ही मशीन्सनी आपापल्याकडे एकेक खूण ठेवलेली असते. दोन्हींत जी जुनी असेल, ती खरी धरायची."

मुलीने घड्याळ पाहिलं. फॉर्म अर्धाच भरलेला होता. तिने बाबांकडे पाहिलं. आठ महिन्यांत ते असे ताठ बसले नव्हते. हात हवेत फिरवून, डोळे बारीक करून, एखाद्या बरोबरीच्या माणसाला समजावावं तसे ते बोलत होते. तिने कोरं पान उघडलं आणि लिहू लागली. फॉर्म मागे राहिला.

"आता पुढचा मुद्दा," बाबा म्हणाले. "त्याची शंका रास्त आहे, असं आधी लिही. माणूस हुशार आहे."

पाचला पाच कमी असताना आतून आईने विचारलं, "गेला का गं फॉर्म?"

"थांब आई. बाबा उत्तर देतायत."

"अगंबाई! कुठल्या कंपनीने विचारलं त्यांना?" हातातलं पुसायचं फडकं तसंच घेऊन आई धावत बाहेर आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मुलीला मान वर करवेना.